मैलांचा मुरांबा घालू नका!

थर्ड इयर संपलं की आमच्या होस्टेलवर दरवर्षी एक साथ येते. डेंग्यूची नाही, एम.एस.ची! जीआरईचा स्कोअर, एसओपी, कुठले सर रेको देतील, कुठल्या युनिव्हर्सिटीत टी.ए.शिप मिळते... मेसमध्ये दुसरा विषय नसतो. खर्चाचा हिशोब तर असा चालतो की एखाद्या सी.ए.ने लाजावं. कुठल्या बँकेचं एज्युकेशन लोन पाव टक्क्याने स्वस्त, डॉलर आज घ्यावा की पुढच्या आठवड्यात, कुठल्या गावात घरभाडं कमी... सगळं एक्सेल शीटमध्ये. पण विमानाच्या तिकिटाचा विषय निघाला की हीच हिशोबी मंडळी एकदम उदार होतात. "बाबांच्या ओळखीचे एक एजंट आहेत, ते बघतील." संपला विषय!

हा लेख त्या तिकिटाबद्दल आहे. नेमकं सांगायचं तर तिकिटाबरोबर मिळणाऱ्या आणि आपल्यापैकी बहुतेकांनी ढुंकूनही न पाहिलेल्या 'मैलां'बद्दल. ज्यांना मैल माहीत आहेत त्यांच्यातही दोन पंथ आहेत. एक पंथ म्हणतो, "हे सगळं फसवं असतं, त्या भानगडीत पडू नये." दुसरा पंथ मैल साठवतो, साठवत जातो, साठवतच जातो आणि वीस वर्षांनी स्वित्झर्लंडला फुकट जायची स्वप्नं बघतो. मला हे दोन्ही पंथ मान्य नाहीत. माझं मत एका वाक्यात सांगते. ज्या प्रवासाची तारीख आपल्या हातात आहे तो रोख पैशाने, लवकर ठरवून, जमेल तितक्या स्वस्तात करावा. आणि ज्या प्रवासाची तारीख आपल्या हातात नाही त्याच्यासाठी मैल राखून ठेवावेत. बाकीचा लेख म्हणजे या वाक्याचं डेरिव्हेशन. पाठ करू नका, समजून घ्या!

आधी थोडा इतिहास. अमेरिकेत १९७८ साली कायदा झाला आणि विमान कंपन्यांच्या भाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठायला लागलं. मग काय, कंपन्यांची आपसात जुंपली. आजचं गिऱ्हाईक उद्या दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ ला एक योजना काढली. जितके मैल आमच्या विमानातून उडाल तितके मैल तुमच्या खात्यावर जमा, आणि पुरेसे जमले की एक तिकीट बक्षीस. दुकानदार दहा वह्यांवर एक पेन देतो ना, अगदी तसंच. ही कल्पना इतकी चालली की थोड्याच काळात बाकीच्या कंपन्यांनीही तिची कॉपी मारली. (कॉपी फक्त सबमिशनच्या आदल्या रात्रीच होते असं नाही!) आपल्या एअर इंडियाची 'फ्लाइंग रिटर्न्स' ही योजनाही त्याच कुळातली. तिचं नाव आता 'महाराजा क्लब' झालं आहे.

त्या वेळी मैल म्हणजे खरोखरच मैल होते. आज तसं नाही. २०१५ मध्ये डेल्टा आणि युनायटेड या बड्या कंपन्यांनी अंतर मोजणं सोडून तिकिटाला किती पैसे मोजले त्यावर मैल द्यायला सुरुवात केली. २०१६ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सही त्याच वाटेने गेली. म्हणजे ज्याने महाग तिकीट घेतलं त्याला मैल जास्त, आणि आपल्यासारख्या स्वस्त तिकीटवाल्याला कमी. तेव्हा निव्वळ उडून मैलांचा डोंगर रचण्याचे दिवस गेले, हे आधीच सांगून ठेवते.

मैल विमानात न बसताही मिळतात आणि त्याचा सगळ्यात भारी किस्सा एका इंजिनिअरचाच आहे. १९९९ साली अमेरिकेत एका खाद्यपदार्थाच्या कंपनीने जाहीर केलं की आमच्या मालावरची लेबलं पाठवा आणि मैल मिळवा. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड फिलिप्स नावाच्या सिव्हिल इंजिनिअरने बसून गणित केलं. त्याच्या लक्षात आलं की पंचवीस सेंटच्या पुडिंगच्या कपावरच्या लेबलातून मिळणारे मैल त्या कपापेक्षा कितीतरी महागाचे आहेत. पठ्ठ्याने दुकानं पालथी घालून १२,१५० कप विकत घेतले! खर्च सुमारे ३,१४० डॉलर आणि खात्यावर जमा साडेबारा लाखांच्या वर मैल. एवढं पुडिंग खाणार कोण? ते त्याने एका धर्मादाय संस्थेला देऊन टाकलं आणि त्या बदल्यात तिथल्या स्वयंसेवकांनी लेबलं सोलून दिली. याला म्हणतात ऑप्टिमायझेशन! आपल्याला एम-थ्रीच्या पेपरात दहा मार्कांना जे सुटत नाही ते या माणसाने सुपरमार्केटमध्ये सोडवलं.

पण या किश्शात एक शहाणपण दडलेलं आहे. मैल हे बक्षीस नाही, ते एक चलन आहे. कंपन्या ते बँकांना विकतात, बँका कार्डवाल्यांना वाटतात. त्यात खरा पैसा किती आहे ते कोविडमध्ये दिसलं. विमानं जमिनीवर उभी होती, तिकिटं विकली जात नव्हती, आणि तरीही २०२० मध्ये युनायटेडने आपली मैलांची योजना तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले, डेल्टाने ९०० कोटी. विमानं नाही, मैल गहाण!

आता चलन म्हटलं की ते छापणारी बँक आली. आपल्या रुपयामागे रिझर्व्ह बँक आहे. मैलांची रिझर्व्ह बँक म्हणजे खुद्द विमान कंपनी. ती उद्या सकाळी म्हणू शकते की काल ४० हजार मैलांना मिळणारं तिकीट आजपासून ५५ हजारांना. ना संप, ना मोर्चा, ना लोकसभेत प्रश्न. आणि कंपनीच बुडाली तर? किंगफिशरची विमानं ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली आणि 'किंग क्लब'चे मैल कागदावरच राहिले. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजचं शेवटचं उड्डाण झालं. त्यांची मैलांची योजना वेगळ्या कंपनीची असल्यामुळे दुसऱ्या नावाने चालू राहिली, पण ज्या विमानात बसायचं म्हणून लोकांनी ते मैल जमवले होते ते विमानच उरलं नाही. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली तेव्हा पॉइंट्स तिकडे गेले, म्हणजे तिथे लोक वाचले. पण दर वेळी असं होईलच याची हमी कोण देणार?

शिवाय मुदतीची भानगड वेगळीच. सिंगापूर एअरलाइन्सचे मैल तीन वर्षांनी संपतात. युनायटेडचे २०१९ पासून संपत नाहीत. म्हणून म्हणते, मैलांचा मुरांबा घालू नका. मुरांबा बरणीत जितका राहील तितका मुरतो. मैल जितके राहतील तितके विटतात.

मग खर्च करायचे कुठे? इथे आपलं गणित सुरू होतं. सूत्र सोपं आहे. रोख तिकिटाच्या किमतीतून मैलांच्या तिकिटावर भरावे लागणारे कर वजा करा आणि उरलेल्या रकमेला लागणाऱ्या मैलांनी भागा. उत्तर येतं ते एका मैलाचं मोल. तीन काल्पनिक उदाहरणं घेऊ. समजा पुणे-दिल्ली तिकीट ५,५०० रुपयांना आहे. मैलांनी घेतलं तर ८,००० मैल आणि वर १,१०० रुपये. ४,४०० भागिले ८,०००, म्हणजे मैलाला ५५ पैसे. दुसरं, मुंबई-फ्रँकफर्ट, तीन महिने आधी, बिनगर्दीचे दिवस, तिकीट ३०,००० रुपये. मैलांनी ३५,००० मैल आणि वर ९,००० रुपये. म्हणजे ६० पैसे. तिसरं, तेच विमान, तीच सीट, पण परवा निघायचं आहे. रोख तिकीट आता ८५,०००. मैलांचं तिकीट शिल्लक असलं तर मात्र तेच ३५,००० मैल आणि ९,००० रुपये. मोल गेलं मैलाला २ रुपये १७ पैशांवर. मैल तेच, विमान तेच, साडेतीनपट फरक! माझा ठोकताळा असा की मैलाला एक रुपयाही सुटत नसेल तर मैल खिशात ठेवावेत आणि सरळ पैसे भरावेत. दिवाळीला दिल्लीच्या मावशीकडे जाण्यासाठी मैल उडवणं म्हणजे सोन्याची अंगठी मोडून भेळ खाणं.

यात दोन खाचखळगे आहेत. एक म्हणजे काही कंपन्या मैलांच्या 'फुकट' तिकिटावरही इंधन अधिभार लावतात. तो इतका की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! युनायटेडच्या खात्यातून घेतलेल्या तिकिटावर तो सहसा लागत नाही. काही युरोपियन कंपन्यांच्या खात्यातून घेतलं तर भरपूर लागतो. दुसरं म्हणजे काही कंपन्यांत मैलांचा भाव ठरलेला नसतोच, तो रोख भाड्याबरोबर चढतो-उतरतो. अशा ठिकाणी वरचं तिसरं उदाहरण लागू पडत नाही. तेव्हा खातं उघडण्याआधी हे दोन प्रश्न विचारा.

एवढं गणित कशासाठी, असं कुणी विचारेल. माझ्या चुलतभावाची गोष्ट सांगते. २०१८ मध्ये दादा ओहायोत नोकरीला होता. मी तेव्हा सातवीत. साताऱ्याला आजी एकाएकी आजारी पडली आणि डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन "बोलावून घ्या" असं सांगितलं. आपल्याकडे या दोन शब्दांचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. दादाने त्या रात्री पाहिलं तर दुसऱ्या दिवशीचं एकेरी तिकीट आपल्या रुपयांत १ लाख १२ हजार. नोकरीला जेमतेम दीड वर्ष झालेलं, डोक्यावर कर्जाचे हप्ते. पण त्याच्या खात्यात पन्नास-पंचावन्न हजार मैल होते. काही पहिल्या खेपेचे, काही सुट्टीला येण्या-जाण्याचे आणि बरेचसे क्रेडिट कार्ड घेतल्याबद्दल बँकेने दिलेले. फ्रँकफर्टमार्गे मुंबई, साडेबेचाळीस हजार मैल आणि करापोटी दोन-तीन हजार रुपये. तिसऱ्या दिवशी पहाटे तो साताऱ्यात होता.

आजी त्यानंतर सहा दिवस होती. तिने त्याला ओळखलं, "वाळलास रे" म्हणाली आणि काकूला त्याच्यासाठी वाटली डाळ करायला सांगितली. परतीचं तिकीट दादाने तेरावं झाल्यावरचं घेतलं. आखातातल्या एका कंपनीचं, रोख, ३८ हजारांना. येण्याची तारीख त्याच्या हातात नव्हती, ती मैलांनी. जाण्याची तारीख होती, ती पैशाने. सूत्रात घालून बघा, येतानाच्या मैलांचं मोल मैलाला अडीच रुपयांच्या वर जातं. पण खरं सांगायचं तर त्या 'वाळलास रे'चं मोल कुठल्या सूत्रात बसवायचं ते मला अजून कळलेलं नाही.

इथे लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे दादाने मैल आणि पैसा एकाच प्रवासात मिसळले. लोकांना वाटतं की जाऊन-येऊन दोन्ही मैलांनीच करायचं, नाहीतर दोन्ही पैशाने. असं काही नाही! बऱ्याच योजनांत एकेरी तिकिटाला जाऊन-येऊनच्या बरोबर निम्मे मैल लागतात. रोख तिकिटाचं तसं नसतं. अमेरिकेहून मोठ्या कंपनीचं एकेरी तिकीट कित्येकदा जाऊन-येऊनच्या निम्म्यापेक्षा खूपच महाग असतं. म्हणून अवघड बाजू मैलांनी आणि सोपी बाजू पैशाने, ही जोडी जमते.

आणखी एक फायदा आहे. स्वस्त रोख तिकीट रद्द केलं तर बहुतेक वेळा हातात शून्य. मैलांचं तिकीट रद्द केलं तर बऱ्याच कंपन्या थोडं शुल्क कापून, काही तर तेही न कापता, मैल परत देतात. जुलै महिना आला तरी व्हिसाची तारीख मिळत नाही म्हणून रडकुंडीला आलेले सीनियर्स आपण दरवर्षी बघतो. ज्यांच्या घरी आई-बाबांच्या किंवा काकांच्या खात्यावर मैल पडून असतील त्यांनी अशा वेळी ते वापरून जागा धरून ठेवायला काय हरकत आहे? बहुतेक योजनांत आपल्या खात्यातून दुसऱ्याचं तिकीट काढता येतं.

आता पुण्याची स्पेशल अडचण. आपलं लोहगाव विमानतळ मुळात हवाई दलाचं. २०२४ मध्ये नवीन टर्मिनल सुरू झालं, छान आहे, पण धावपट्टी तीच. परदेशी विमानं म्हणाल तर दुबई, सिंगापूर, बँकॉक अशी मोजकीच नावं गेल्या काही वर्षांत फलकावर आली-गेली. लुफ्तान्साने २००८ मध्ये पुणे-फ्रँकफर्ट थेट विमान सुरू केलं होतं, तेव्हा पुण्यातल्या पेपरांत केवढं कौतुक! ती सेवाही आता नाही. म्हणजे पुणेकराचा परदेश प्रवास अजून एक्सप्रेसवेवरूनच सुरू होतो. १८८३ साली आनंदीबाई जोशी एप्रिलमध्ये कोलकात्याहून बोटीने निघाल्या त्या जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. आपण एका दिवसात पोचतो, फक्त त्यातले पाच-सहा तास घाट आणि सायन-पनवेलला जातात!

पण घाट उतरायचाच असेल तर नुसत्या मुंबईकडेच का बघायचं? पुण्याहून दिल्लीचं किंवा दुबईचं स्वस्त रोख तिकीट घ्यायचं आणि पुढचा लांबचा टप्पा तिथून मैलांनी, असंही जुळवता येतं. मैलांच्या जागा मुंबईहून संपलेल्या असल्या तरी दिल्लीहून शिल्लक असू शकतात. ही खरी 'मिसळ'! मात्र हिच्यात तिखट बरंच असतं, ते आधी सांगते.

एक, दोन वेगळी तिकिटं म्हणजे दोन वेगळे करार. पहिलं विमान धुक्याने चार तास लेट झालं आणि दुसरं चुकलं, तर दुसरी कंपनी तुम्हाला ओळखही दाखवणार नाही. त्यामुळे मध्ये चांगले सात-आठ तास ठेवा, शक्य तर एक रात्र. दोन, सामान. अमेरिकेच्या मोठ्या विमानात साधारणपणे २३-२३ किलोच्या दोन बॅगा चालतात, पण स्वस्त विमानात वीस-तीस किलोंवर थांबा. लागू पडते ती लहान मर्यादा. म्हणजे कुकर, गोडा मसाला, चकलीची भाजणी आणि आईने शेवटच्या क्षणी कोंबलेली बाकरवडी यातलं नेमकं काय मागे ठेवायचं ते काउंटरसमोर ठरवावं लागतं! जादा किलोचे पैसे भरले की स्वस्त तिकीट स्वस्त राहत नाही. तीन, परक्या देशात बॅगा उतरवून पुन्हा चढवायच्या तर त्या देशात शिरावं लागतं, आणि भारतीय पासपोर्टवर त्यासाठी व्हिसा लागू शकतो. नियम देशागणिक वेगळे आणि ते बदलतही असतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या सरकारी साइटवर बघा. चार, एकाच तिकिटावरचा पहिला टप्पा सोडून 'मी पुढच्या गावी चढतो' असं करू नका. पहिल्या टप्प्याला गैरहजर राहिलात की पुढचं सगळं तिकीट सहसा रद्द होतं. मास बंकपेक्षा ही शिक्षा कडक आहे.

म्हणून माझं मत असं की पहिल्यांदाच देशाबाहेर पडणाऱ्याने ही मिसळ करू नये. पहिली खेप एकाच तिकिटावर, रोख, लवकर काढून. त्या खेपेत मैल खर्च करायचे नाहीत, जमवायचे. त्यासाठी तीनच गोष्टी करायच्या. पहिली, तिकीट काढण्याआधी खातं उघडा. ते फुकट असतं. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या गटात आहे. लुफ्तान्सा, युनायटेड, सिंगापूर एअरलाइन्स हे सगळे त्यातलेच. म्हणजे यांच्यापैकी कुणाच्याही विमानात बसलात तरी मैल एकाच खात्यात टाकता येतात. दहा कंपन्यांत दहा खाती आणि प्रत्येकात मूठभर मैल, याचा काही उपयोग नाही.

दुसरी, नाव. ही खास मराठी माणसाची कटकट. आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी आपली तीन डब्यांची गाडी. पासपोर्टवर वडिलांचं नाव आपल्या नावाला जोडून येतं, मैलांच्या खात्यात आपण ते लिहीतच नाही आणि मग दोन्ही नावं जुळत नाहीत म्हणून मैल अडकतात. आयांचं तर विचारूच नका. बँकेत माहेरचं, पासपोर्टवर सासरचं. खातं पासपोर्टवर आहे अगदी तसंच उघडा. तिसरी, मैल खात्यात दिसेपर्यंत बोर्डिंग पास फेकू नका. राहून गेलेले मैल मागाहून मागता येतात, पण पुरावा लागतो.

क्रेडिट कार्डांबद्दल एक सक्त ताकीद. मैलांसाठी कार्ड घेऊन ज्याला दर महिन्याला पूर्ण बिल भरता येत नाही त्याने या वाटेला जाऊ नये. आपल्याकडे थकलेल्या बिलावर महिन्याला तीन ते पावणेचार टक्के व्याज लागतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास. एवढं व्याज भरून मिळवलेलं 'फुकट' तिकीट म्हणजे शुद्ध भाबडेपणा. आपल्यापैकी बहुतेकांना अजून स्वतःची कमाई नाही, तेव्हा हा परिच्छेद पगार सुरू होईल तेव्हासाठी जपून ठेवा.

आता थोडं कडू लिहिते, प्राध्यापक मंडळींनी राग मानू नये. मैल मिळतात ते ज्याने पैसे भरले त्याला नाही, जो खुर्चीत बसला त्याला. आयटीतला दादा क्लायंटच्या खर्चाने बारा वेळा उडतो आणि बायको-मुलांना मैलांवर फिरवून आणतो. ज्या काकांनी पेन्शनमधून तिकीट काढलं त्यांना मात्र मूठभर मैल. खाजगी कंपनीला चालत असेल तर आपण बोलू नये. पण पैसा सरकारचा, म्हणजे सगळ्यांचा असेल तर? जर्मनीत २००२ साली यावरून मोठं वादळ झालं. सरकारी प्रवासाचे मैल खाजगी प्रवासाला वापरले म्हणून ग्रेगोर गिझी यांनी बर्लिनचं मंत्रिपद सोडलं, चेम ओझदेमिर यांनाही पायउतार व्हावं लागलं. आपल्या केंद्र सरकारचाही नियम स्पष्ट आहे. सरकारी कामाच्या तिकिटावर मिळालेले मैल सरकारी प्रवासालाच वापरायचे, खाजगी वापर केला तर कारवाई. नियम चांगला आहे, पण मैल पडतात माणसाच्या नावावर, मग मोजणार कोण?

माझी एक सूचना आहे. आपल्या कॉलेजने एक साधं रजिस्टर ठेवावं. कॉलेजच्या किंवा ग्रँटच्या पैशाने जो कुणी परदेशी कॉन्फरन्सला जाईल त्याने किती मैल मिळाले ते त्यात लिहावं आणि पुढच्या कॉन्फरन्सचं तिकीट त्यातून काढावं. त्यातून जे पैसे वाचतील ते रोबोकॉनच्या किंवा फॉर्म्युला स्टुडंटच्या टीमला द्यावेत. तिकिटांसाठी स्पॉन्सर शोधत एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या गेटवर आमची पोरं दुपारच्या उन्हात उभी असतात, हे सगळ्यांनाच माहीत आहे.

शेवटी एका आक्षेपाला उत्तर. मैत्रीण म्हणते, "अगं, पण ऐनवेळी मैलांची जागा शिल्लकच नसली तर?" बरोबर आहे. मैल म्हणजे विमा नव्हे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कुठेही जागा मिळत नाही, मैलांवर तर नाहीच नाही. पण जो एकाच विमानाचा हट्ट धरत नाही, आडवळणाच्या गावावरून यायला तयार असतो, त्याला बहुतेक वेळा काहीतरी सापडतं. आणि तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा अर्धी भरलेली घागर कधीही बरी. एका माणसाच्या एकेरी प्रवासाला पुरतील एवढे मैल कायम शिल्लक ठेवायचे, त्यापेक्षा जास्त झाले की वापरून टाकायचे.

कुणावर वापरायचे? माझ्या मते आपल्या आई-बाबांवर. कर्जासाठी घर गहाण ठेवणारे, विमानतळाच्या काचेबाहेर उभे राहून हात हलवणारे आणि मग मागे फिरून रात्रीच्या एसटीने घरी जाणारे. आपल्या कॉन्व्होकेशनची तारीख वर्षभर आधी ठरलेली असते, म्हणजे त्यांचं तिकीट स्वस्तात रोख काढता येतं. पण एकाचं स्वस्त रोख आणि दुसऱ्याचं मैलांवर असं जमवलं, तर "मी एकटाच जाऊन येतो, उगाच दोघांचा खर्च कशाला" हे जे बाबांचं ठरलेलं वाक्य असतं, ते तरी त्यांना म्हणता येणार नाही!